हाडे पाहून काय मिळाले?

सटाण्याच्या आमच्या महाविद्यालयातील मुलांना घेऊन गेल्या महिन्यात पुण्यास डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व-संग्रहालय पाहून आलो. पहाटे निघालेली गाडी मध्यरात्रीनंतर परतली. दुसऱ्याच दिवशी एका पदवीधर सद्गृहस्थांनी वाटेत गाठून पृच्छा केली, "काय सर, एवढ्या लांब नेऊन पोरांना हाडेच दाखवलीत ना? त्यातून काय मिळाले?" हा प्रश्न त्या एका गृहस्थांचा नाही, आपल्या अवघ्या सुशिक्षित वर्गाचा आहे. म्हणूनच त्यास जाहीर उत्तर देणे प्राप्त आहे.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे 1968 पासून अनेक हंगाम उत्खनन झाले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी तेथे जव पिकविणारी माणसे नांदत होती. घरातले मूल दगावले म्हणजे दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ते ठेवीत आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत. मोठ्या माणसांची पावले घोट्यापासून तोडून मग त्यांना पुरीत. मेलेला उठून चालू लागू नये, ही त्यामागील भीती असावी, असे तज्ज्ञ मानतात. माया आणि भय यांचा हा पुरावा कोणत्याही पोथीत नाही. तो हाडांतच मिळाला.

"पण हा काही आदिमानव नव्हे," असा दुसरा आक्षेप येतो. मान्य आहे. आपल्या देशात त्या प्राचीन मानवाची हाडे अत्यंत दुर्मिळ आहेत. नर्मदाकाठी हथनोरा येथे 5 डिसेंबर 1982 रोजी भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना कवटीचा भाग मिळाला, तोच काय तो मोठा ठेवा. परंतु हाड विरते, दगड टिकतो. नाशिकजवळ गंगावाडीस गोदावरीच्या थरांत सापडलेल्या अश्मयुगीन हत्यारांवर हसमुख सांकळिया यांनी 1952 साली ग्रंथच प्रसिद्ध केला. ज्या गोदावरीत आपण स्नानास जातो, तिच्याच काठी ही हत्यारे घडली, हे किती नाशिककरांस ठाऊक आहे?

तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाही. तो कृतीतून दिसतो. 2023 साली राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. भार कमी केला, असे कारण दिले गेले. पण दहावीनंतर जो जीवशास्त्र घेणार नाही, त्याने मनुष्य कोठून आला हे कोठे शिकावे? ज्ञानाचा भार वाटू लागलेल्या समाजाचे मला भय वाटते.

दोष आम्हा शिक्षकांचाही आहे. दीड तासात संग्रहालय उरकून खरेदीस धावणे, याला आम्हीच सहल म्हणू लागलो. वास्तविक आरंभ घराजवळून व्हावा. आमची आरम ज्या गिरणेस मिळते, तिच्या काठी चाळीसगाव तालुक्यात बहाळ येथे 1950 नंतरच्या दशकात उत्खनन झाले, आणि समोरच्या तीरावर टेकवाड्यास दफने मिळाली. आधी नदी दाखवावी, मग पुणे.

परतीच्या वाटेवर एका कांदा-उत्पादकाच्या मुलीने विचारले, "सर, लेकरू घरातच का पुरलं असेल?" गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. त्या सद्गृहस्थांना माझे उत्तर एवढेच, की हे मिळाले. पुढच्या खेपेस गाडीत त्यांच्यासाठी एक जागा राखून ठेवीन.