फलकावर हुतात्मा, खतावणीत अपघात

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत रेल्वे स्थानकांबाहेर श्रद्धांजलीचे फलक उभे राहण्यास हल्ली फारसा वेळ लागत नाही. लष्कराचे हेलिकॉप्टर कोसळल्याची बातमी येते आणि गणवेशातील एक तरुण चेहरा फलकाच्या मध्यभागी झळकतो. त्याच्याभोवती स्थानिक पुढाऱ्यांची छायाचित्रे असतात आणि ती बहुधा मृताच्या छायाचित्राहून मोठी असतात. आठवड्याभरात तो फलक उतरतो आणि त्याच बांबूंवर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा चढतात. या स्मरणाला आमचा आक्षेप आहे. हे स्मरण फार होते म्हणून तो आक्षेप नाही. ते फार स्वस्तात उरकले जाते म्हणून आहे.

शत्रूच्या गोळीने मेलेल्या सैनिकाविषयी निदान एवढे तरी ठाऊक असते, की तो कोणी मारला. सरावाच्या उड्डाणात मेलेल्या वैमानिकाला कोणी मारले? या प्रश्नाचे उत्तर टाळण्यासाठीच 'हुतात्मा' या थोर शब्दाचा वापर होत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हुतात्म्याच्या मृत्यूचा जाब कोणी विचारत नाही. त्याला फक्त वंदन करायचे असते.

उदाहरण 'चीता' हेलिकॉप्टरचे घ्या. मूळ यंत्र फ्रेंच बनावटीचे, एकाच इंजिनाचे. १९७० साली त्याच्या उत्पादनाचा परवाना घेतला गेला आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ते बंगळूरला बांधले. सियाचेनच्या हिमनदीवरील जवानांना अन्न पोहोचविणे आणि जखमींना खाली आणणे हे काम १९८४ पासून याच यंत्राने केले. त्याची ती सेवा कोणी नाकारणार नाही. पण ज्या यंत्रात हवामान दाखविणारे रडार नाही, स्वयंचलित उड्डाणाची सोय नाही, जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे साधन नाही, ते यंत्र अर्धशतक वापरीत राहणे याला काटकसर म्हणत नाहीत. दुसऱ्याच्या जिवावर केलेली ती उधळपट्टी आहे.

हे बदलले पाहिजे, हे राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हते असेही नाही. १९७ नव्या हलक्या हेलिकॉप्टरांच्या खरेदीची पहिली प्रक्रिया डिसेंबर २००७ मध्ये रद्द झाली. २००८ साली पुन्हा निविदा निघाल्या. त्या ऑगस्ट २०१४ मध्ये रद्द झाल्या. पहिला निर्णय एका सरकारचा, दुसरा दुसऱ्याचा. या बाबतीत दोन्ही बाजू एकाच माळेच्या मणी आहेत. आणि दुसऱ्या रद्दीकरणाची शाई वाळते न वाळते तोच, १ ऑक्टोबर २०१४ रोजी, बरेलीच्या छावणीत सरावासाठी उडालेले चीता कोसळले आणि तीन अधिकारी गेले. ती निविदा मंजूर झाली असती तर हे तिघे वाचले असते, असे आम्ही म्हणत नाही. नवी यंत्रे एका महिन्यात येत नसतात. आम्ही एवढेच म्हणतो, की २००७ साली ज्यांनी निर्णय पुढे ढकलला, त्यांनी २०१४ च्या वैमानिकांच्या वाट्याला जुने यंत्र ठेवले. आणि २०१४ साली ज्यांनी तेच केले, त्यांनी पुढच्यांच्या वाट्याला ठेवले. १६ मार्च २०२३ रोजी अरुणाचलात बोमदिलाजवळ दोन अधिकारी मृत्युमुखी पडले, तेव्हाही यंत्र चीताच होते.

२०१५ साली सैन्याधिकाऱ्यांच्या पत्नी एकत्र येऊन तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्याकडे गेल्या आणि चीता व चेतक यांची उड्डाणे थांबवा, अशी मागणी त्यांनी केली. विधवा झाल्यावर मिळणाऱ्या सन्मानापेक्षा विधवा न होण्याचा हक्क त्या मागत होत्या. लष्कराच्या वैमानिकांना हेलिकॉप्टर शिकविणारी संस्था आपल्याच नाशिक रोडला आहे. तेव्हा हा प्रश्न दूरच्या सीमेवरचा आहे, असे मुंबईकरांनी समजू नये.

अपघातानंतर काय होते? चौकशी बसते, अहवाल तयार होतो आणि कपाटात जातो. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालातून कळले, की २०१७ ते २०२२ या काळात वायुदलाचे ३४ विमान-अपघात झाले आणि त्यांपैकी १९ 'वैमानिकांची मानवी चूक' या सदरात टाकले गेले. चूक मानवाकडून होते, हे खरे. पण थकलेल्या माणसाला कोणी उडविले, अपुरी साधने कोणी दिली, वाईट हवामानात परवानगी कोणी दिली, हीही माणसेच असतात. त्यांच्या चुकीचे सदर कोठे आहे? मेलेला वैमानिक उलटतपासणी घेऊ शकत नाही, म्हणून दोष त्याच्या माथी मारणे सर्वांत सोयीचे असते. ब्रिटनमध्ये जून १९९४ मध्ये चिनूक हेलिकॉप्टर कोसळून २९ माणसे गेली आणि १९९५ साली दोन मृत वैमानिकांवर घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला गेला. कुटुंबे झगडत राहिली. २०११ साली तो ठपका पुसला गेला आणि संरक्षणमंत्र्यांना क्षमा मागावी लागली. तेथे निदान झगडण्यासाठी कागद हाती आला होता.

आपल्याकडे नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांचे उदाहरण ताजे आहे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाम येथे त्यांच्यासह वायुदलाचे सहा जण आणि एक नागरिक ठार झाले. तो सरावातील अपघात नव्हता. आपल्याच क्षेपणास्त्राने आपले हेलिकॉप्टर पाडले होते. ही कबुली वायुदलप्रमुखांनी दिली ती ४ ऑक्टोबर २०१९ रोजी. मधल्या काळात लोकसभेची निवडणूक होऊन गेली. गोदाकाठी साश्रू निरोप देणाऱ्या जनतेला सत्य सांगण्याची घाई कोणालाच नव्हती.

गुप्ततेची सबब पुढे केली जाईल. मग २८ जून २०१८ रोजी घाटकोपरच्या जीवदया लेनमध्ये जुहूहून चाचणीसाठी उडालेले विमान कोसळून विमानातील चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी मृत्यू पावला, त्याची चौकशी उघडपणे प्रसिद्ध कशी झाली? नागरी अपघाताचे सत्य सांगता येते आणि लष्करी अपघाताचे सांगता येत नाही, हे अर्धसत्य आहे. शस्त्रांची व मोहिमांची माहिती वगळून बाकीचा अहवाल देता येतो. अमेरिका आणि ब्रिटन तसे करतात.

काही सहानुभूतीदार विचारतील, आपण शस्त्रस्पर्धेचे विरोधक, आपण लष्करी वैमानिकांची वकिली का करावी? मित्रहो, ती आपणच करायला हवी. गणवेशातला माणूसही वेतनावर राबणारा माणूस आहे. गिरणी कामगाराला मोडकळलेल्या यंत्रावर उभे केले, तर तो संप करू शकत होता. सैनिकाला संघटना करता येत नाही. राज्यघटनेच्या ३३ व्या कलमाने संसदेला त्याचे हक्क मर्यादित करण्याचा अधिकार दिला आहे. ज्याला बोलण्याची मुभा नाही, त्याच्या वतीने बोलणे हे लोकशाहीत इतरांचे कर्तव्य ठरते.

आणि फलकावर सारे हुतात्मे सारखे असले, तरी सरकारी खतावणीत ते सारखे नाहीत. २०१६ च्या दरांप्रमाणे युद्धात शत्रूच्या हातून मृत्यू आला, तर सानुग्रह रक्कम ४५ लाख. कर्तव्यावरील अपघातात आला, तर २५ लाख. निवृत्तिवेतनातही एका विधवेला अखेरच्या वेतनाइतके, तर दुसरीला त्याच्या साठ टक्के. घरातला माणूस मात्र दोघींचा पूर्णच गेलेला असतो.

म्हणून पुढच्या वेळी फलक लागेल, तेव्हा कार्यकर्त्यांनी आणखी एक फलक लावू नये. शोकसभा घ्यावी, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे आणि मग ठराव करावेत. लष्करी अपघातांचे अहवाल ठरावीक मुदतीत संसदेपुढे यावेत. चीता व चेतक बंद करण्याची तारीख जाहीर व्हावी. कुटुंबाला आपली बाजू मांडू दिल्याशिवाय मृत वैमानिकावर दोष ठेवला जाऊ नये. कर्तव्यावरील प्रत्येक मृत्यूला समान निवृत्तिवेतन मिळावे. हे ठराव आपापल्या खासदाराकडे हातोहात द्यावेत आणि त्याने सभागृहात प्रश्न विचारला की नाही, याचा पाठपुरावा करावा. वैमानिकांच्या स्मृतीला हार घालायला कोणीही येईल. जाब विचारायला आपण गेले पाहिजे.