आधी नोंद, मग दोष

दसऱ्याला आपण घरातल्या संगणकाला हळदकुंकू वाहतो, वर झेंडूचं फूल ठेवतो, नमस्कार करतो. त्याच्या पाठीमागची धुळीने भरलेली जाळी मात्र वर्षभर कोणी पाहत नाही. मी पस्तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, डॉक्टरेटही त्याच विषयातली, पण मीही ती जाळी कधी पाहिली नव्हती. या मे महिन्यात पाहावी लागली. त्या निमित्ताने घरात जे घडलं ते सांगतो, कारण तसं आपल्यापैकी अनेकांच्या घरी घडत असणार.

मी वर्षातले सहा महिने पुण्यात आणि सहा महिने इथे गुदैबियात मुलाकडे असतो. मुलाच्या घरी एक डेस्कटॉप आहे. दिवसा तो माझा, संध्याकाळी नातीचा. मे महिन्यात तो अचानक बंद पडू लागला. काम चालू असताना पडदा काळा व्हायचा आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू व्हायचं. लिहिलेली पानं जायची. पहिल्या दिवशी सगळे हसले. चौथ्या दिवशी चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही काही दाबलं होतं का?"

हा प्रश्न आपल्या घरांतल्या प्रत्येक आजी-आजोबांनी ऐकलेला आहे. रिमोट चालेना, वायफाय गेलं, मोबाइलवर भलतीच भाषा आली की घरातल्या सर्वांत सावकाश बोट चालवणाऱ्या माणसाकडे सगळे पाहतात. मुलाच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आळ तो आळ. आणि गंमत म्हणजे मलाही वाटू लागलं की खरंच माझ्या हातून काही होत असेल. मी संगणकाला हात लावायला बिचकू लागलो.

पुढे प्रत्येकाचं निदान वेगळं. मुलाच्या मते व्हायरस. सूनबाईंच्या मते माझं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. शेजारच्यांच्या मते वीज. शेवटी एका दुकानातून तंत्रज्ञ बोलावला. तो गुरुवारी दुपारी आला, संगणक फॉरमॅट केला, विंडोज नव्याने टाकलं आणि पैसे घेऊन गेला. गुरुवारी रात्री संगणक नीट चालला, शुक्रवारीही चालला. आम्ही त्याचं कौतुक केलं. शनिवारी रात्री नऊ वाजता संगणक पुन्हा बंद पडला.

त्या फॉरमॅटमध्ये माझं एक नुकसान झालं. माझ्या दिवंगत पत्नीने वीस वर्षांपूर्वी आपल्या हाताने टाइप करून ठेवलेल्या पाककृती त्या संगणकात होत्या. तंत्रज्ञाने सगळ्या फाइल्स आधी उतरवून घेतल्या होत्या, त्यात त्याची चूक नाही. पण युनिकोडच्या आधीच्या काळात आपण मराठी ज्या फॉन्टमध्ये लिहीत होतो, त्यात आतली अक्षरं खरं तर रोमन असत. फॉन्ट फक्त त्यांचा चेहरा मराठी करत असे. फॉन्ट गेला की उरतो तो निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग. पुरणपोळीची फाइल उघडली आणि तसाच ढीग समोर आला. तो फॉन्ट पुढे पुण्याच्या घरातल्या एका जुन्या सीडीवर पुतण्याला सापडला आणि पाककृती परत वाचता आल्या. पण मधले बारा दिवस मी फार अस्वस्थ होतो. ज्यांच्याकडे असं जुनं लेखन आहे त्यांनी ते आत्ताच युनिकोडमध्ये करून घ्यावं.

तेव्हा मी ठरवलं की आता अंदाज पुरे. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना जे सांगत होतो तेच करायचं. एक दोनशे पानी वही घेतली. संगणक बंद पडला की लिहायचं: वार, वेळ, कोण बसलं होतं, काय चालू होतं, एसी चालू की बंद, पडद्यावर काही दिसलं का. अठरा दिवसांत अकरा नोंदी झाल्या. पाच वेळा मी बसलो होतो, चार वेळा नात, आणि दोन वेळा खुर्ची रिकामी होती. आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. त्या दोन नोंदींनी माझ्यावरचा आळ गेला.

दुसरी गोष्ट पडद्याची. संगणक दोन प्रकारे कोसळतो. एका प्रकारात विंडोजला आतली चूक कळते आणि ते स्वतः थांबतं. तेव्हा निळा पडदा येतो (नव्या विंडोज ११ मध्ये तो आता काळा केला आहे), त्यावर मजकूर असतो आणि एक स्टॉप कोड असतो. तो कोड लिहून घ्यावा किंवा मोबाइलने फोटो काढावा, कारण दोष ड्रायव्हरचा, मेमरीचा की डिस्कचा याचा माग तिथून लागतो. दुसऱ्या प्रकारात कसलाही मजकूर न येता यंत्र झटक्यात बंद होतं. म्हणजे विंडोजला काही कळण्याआधीच वीज गेली किंवा यंत्राने स्वतःला वाचवण्यासाठी ती तोडली. आमचा प्रकार हा दुसरा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद सापडत होती. तिचा अर्थ एवढाच की यंत्र रीतसर बंद न होता बंद झालं. का झालं ते ती सांगत नाही. पुष्कळ लोक ती नोंद पाहून लगेच पॉवर सप्लाय बदलतात.

मग एका वेळी एकच गोष्ट तपासत गेलो. पहिला संशय उष्णतेचा. बहारीनमध्ये तो रास्तच आहे. उत्तरेचा शमाल वारा सुटला की बंद खिडकीतूनही बारीक धूळ आत येते आणि पंख्याच्या जाळीत नमदा धरते. संगणक उघडला तेव्हा त्यात तसा नमदा होताच. इथे एक सावधगिरी सांगतो. एसीच्या थंड खोलीतला संगणक उन्हाळ्यात तसाच उचलून गॅलरीत झटकायला नेऊ नका. गाडीतून उतरताच चष्म्यावर जसं दव धरतं, तसंच आतल्या थंड धातूवर पाणी धरतं. यंत्र बंद करून, वायर काढून, खोलीतच मऊ ब्रशने साफ करावं. धूळ काढल्यावर प्रोसेसरचं तापमान बरंच उतरलं. पण संगणक बंद पडायचा थांबला नाही. म्हणजे धूळ हा दोष होता, पण आमचा दोष नव्हता.

दुसरा संशय मेमरीचा. मेमटेस्ट८६ नावाचा मोफत प्रोग्रॅम रात्रभर चालवला. एकही चूक नाही, आणि यंत्र रात्रभर बंदही पडलं नाही. डिस्कही तपासली. ती ठीक होती.

मग पुन्हा वही घेऊन बसलो. नातीला शेजारी बसवलं. तिला मराठी बोलता उत्तम येतं, माझं मोडी वळणाचं अक्षर वाचता येत नाही. म्हणून मी वाचत गेलो आणि ती तक्ता करत गेली. तक्ता पूर्ण झाला तशी ती म्हणाली, "आजोबा, गुरुवारी आणि शुक्रवारी एकदाही नाही!" खरंच. अकराच्या अकरा नोंदी शनिवार ते बुधवार, रात्री आठ ते दहा. व्हायरसला बहारीनची साप्ताहिक सुट्टी ठाऊक असण्याचं कारण नाही. ज्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी शाळा असते, त्याच रात्री संगणक बंद पडत होता. आणि तंत्रज्ञ गुरुवारी आला म्हणून यशस्वी ठरला होता!

शाळेच्या आदल्या रात्री आमच्या घरी काय होतं? सूनबाई शिक्षिका आहेत. जेवणाआधी किंवा नंतर, स्वयंपाकघरातूनच, मोबाइलवरून दुसऱ्या दिवसाच्या प्रश्नपत्रिका छापायला टाकतात. लेझर प्रिंटर संगणकाच्या टेबलाखाली, त्याच एक्स्टेंशन बोर्डावर. संगणक बंद पडला की प्रिंटर घरघरतो हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. पण आम्हाला वाटायचं, संगणक जाता जाता प्रिंटरला धक्का देतो. प्रत्यक्षात उलट होतं. प्रिंटर आधी जागा होत होता. तो परिणाम आहे असं गृहीत धरल्यामुळे मी ती गोष्ट वहीत लिहिलीच नव्हती. पस्तीस वर्षं मुलांना हेच करू नका म्हणून सांगितलं होतं!

लेझर प्रिंटर कागदावर शाई वितळवून बसवतो. त्यासाठी त्यातला रूळ तापवावा लागतो आणि त्या क्षणी तो एकदम पुष्कळ विद्युतप्रवाह ओढतो. जोडणी घट्ट असेल तर काही बिघडत नाही. ती सैल असेल तर ठिणगी पडते आणि प्रवाह क्षणभर तुटतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. संगणकाचा पॉवर सप्लाय साधारण सोळा-सतरा मिलिसेकंद दम धरू शकतो. त्याहून जास्त खंड पडला की संगणक गेला. दिवे लुकलुकल्याचंही आपल्याला कळत नाही.

आम्ही खात्री करून घेतली. प्रिंटर भिंतीवरच्या दुसऱ्या सॉकेटला लावला: चार रात्री छपाई, एकदाही बंद नाही. पुन्हा जुन्या बोर्डावर आणला: दुसऱ्याच छपाईला संगणक बंद. मग मेन स्विच बंद करून तो बोर्ड बाहेर काढला. त्याची पिन गोल, भारतातली; ती एका स्वस्त अ‍ॅडॅप्टरमधून इथल्या चौकोनी तीन पिनांच्या सॉकेटमध्ये खुपसलेली. अ‍ॅडॅप्टरचं प्लॅस्टिक आतून तपकिरी होऊन मऊ पडलं होतं. आणखी काही महिन्यांत तिथे आग लागली असती.

हा बोर्ड पुण्याहून कोणी आणला होता? मीच. "इथे महाग मिळतो" म्हणून बॅगेत घालून आणला होता. म्हणजे एका आरोपातून सुटलो आणि दुसऱ्यात सापडलो. पण हा दुसरा आरोप पुराव्यासकट होता, म्हणून मी तो आनंदाने मान्य केला. मनामाच्या बाजारातून फ्यूज असलेला चांगला बोर्ड पाच दिनारांत आणला. तेव्हापासून संगणक एकदाही बंद पडलेला नाही. त्याआधी एका दुकानदाराने नवा संगणकच घ्या असं सुचवलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आखातातल्या आपल्या जगण्यात सगळंच तात्पुरतं: घर भाड्याचं, व्हिसा मुदतीचा. त्यामुळे बिघडलेल्या वस्तूचं कारण शोधण्यापेक्षा ती बदलणं आपल्याला सोपं वाटतं. नाहीतर बंद करून पुन्हा चालू करतो आणि झालं म्हणतो. चालू होणं म्हणजे दुरुस्त होणं नव्हे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले, विमानं अडकली. तिथेही उपाय सापडला तो नोंदी वाचून नेमकी कुठली फाइल ते शोधल्यावर. कुणाच्या आजोबांनी काही दाबलं नव्हतं.

नवा संगणक कधीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. सुरक्षेसाठी पुढच्या आवृत्तीवर जाणं किंवा यंत्र बदलणं हे योग्य कारण आहे. पण बंद पडतो म्हणून बदलायचा असेल तर आधी महत्त्वाच्या फाइल्स दुसरीकडे ठेवा, मग पंधरा दिवस वही लिहा. फुकटचे उपाय आधी, खर्चाचे नंतर, आणि एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. वही मुलांना लिहू द्या. माझ्या नातीने विज्ञानाच्या पुस्तकातून जे शिकलं नसतं ते त्या तक्त्यातून शिकली. चिरंजीवही आता "काही दाबलं का" असं विचारत नाहीत; "वहीत काय आहे" असं विचारतात.

दिवाळी आहे म्हणून शेवटची एक गोष्ट. दादरहून किंवा पुण्याहून आणलेल्या दिव्यांच्या माळा आणि आकाशकंदील आपण गॅलरीत लावतो. त्यांना दोनच पिना असतात, म्हणून सॉकेटच्या वरच्या भोकात पेन खुपसून झडप उघडतो आणि पिना आत ढकलतो. ही युक्ती इथे घरोघरी चालते, माझ्या घरीही चालत असे. ती झडप मुलांच्या बोटांसाठी आणि नीट बसणाऱ्या प्लगसाठी ठेवलेली आहे. पेनने उघडून बसवलेली पिन सैलच राहते. यंदा माळ लावण्याआधी योग्य प्लग बसवून घ्या. थोड्या पैशांचं काम आहे, आणि रात्री सगळे झोपलेले असताना ती माळ पेटत राहणार आहे.