कुत्र्याने शोधले ते काय?

चोरीच्या बातमीत शेवटी एक वाक्य हमखास असते. श्वानपथकाला पाचारण करण्यात आले, श्वानाने रस्त्यापर्यंत माग काढला आणि तो तिथेच घुटमळला. वाचकाचा हिरमोड होतो, कारण हुशार कुत्र्याने आपल्याला थेट चोराच्या दारात नेऊन उभे करावे, अशी सिनेमाने लावलेली सवय. खरे तर घुटमळणे हीसुद्धा माहितीच असते. माणसाचा वास तिथे तुटला, म्हणजे तो बहुधा तिथून गाडीत बसला. त्यापुढचे काम पोलिसांचे.

घरच्या कुत्र्याने रहस्य उलगडल्याचा सर्वांत गाजलेला किस्साही याहून फार वेगळा नाही. २० मार्च १९६६ या दिवशी, रविवारी, लंडनच्या मेथडिस्ट सेंट्रल हॉलमधल्या टपाल तिकिटांच्या प्रदर्शनातून फुटबॉलचा विश्वचषक, म्हणजे जूल रिमे करंडक, चोरीला गेला. शेजारच्या मौल्यवान तिकिटांना चोराने हातही लावला नाही. इंग्लंडमध्ये होणारी स्पर्धा चार महिन्यांवर आलेली. फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांना १५,००० पौंडांची मागणी करणारी चिठ्ठी आली. खात्री पटावी म्हणून सोबत करंडकाचा एक सुटा भाग. पोलिसांनी सापळा रचून एकाला पकडले, पण आपण नुसते मध्यस्थ आहोत, हे पालुपद त्याने सोडले नाही. करंडक काही मिळेना.

२७ मार्चच्या संध्याकाळी दक्षिण लंडनच्या नॉरवुड भागात डेव्हिड कॉर्बेट घराबाहेर पडले. थेम्स नदीतल्या पडावांवर काम करणारे हे गृहस्थ. सोबत पिकल्स नावाचा काळा-पांढरा, संकरित कोली कुत्रा. तो शेजाऱ्याच्या मोटारीच्या चाकापाशी हुंगत राहिला. तिथे वर्तमानपत्रात करकचून गुंडाळलेले, दोरीने बांधलेले एक पुडके पडले होते. बॉम्ब तर नसेल, अशी शंका कॉर्बेटना आली. तरीही त्यांनी कागद फाडला, तर आत ब्राझील, पश्चिम जर्मनी, उरुग्वे अशी नावे कोरलेली!

करंडक घेऊन ते पोलिसांकडे गेले आणि तिथे प्रश्नांचा रोख त्यांच्यावरच वळला. मध्यरात्र उलटून गेली तरी चौकशी चालूच होती. पिकल्सवर मात्र कोणाचा संशय नव्हता. आमच्या मते या प्रकरणातले शिकण्यासारखे ते इथेच आहे. पिकल्सला चषक, खंडणी, स्पर्धा यांतले काहीही ठाऊक नव्हते. रोजच्या वाटेवर एक अनोळखी वस्तू पडली आहे, एवढेच त्याच्या नाकाने टिपले. ती कोणी ठेवली, का ठेवली, या प्रश्नांपाशी कुत्र्याचे काम संपते आणि माणसाचा तर्क सुरू होतो. तो चुकूही शकतो. कॉर्बेटच्या बाबतीत तो चुकलाच.

न्यायालयांना ही सीमारेषा नीट ठाऊक आहे. अब्दुल रझाक दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये श्वानाच्या पुराव्यावरचे नेहमीचे आक्षेप नोंदवले. कुत्रा पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही. त्याच्या वतीने बोलतो तो त्याचा हाताळणारा, म्हणजे ती ऐकीव साक्ष. शिवाय माणसाचे स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगलेले असावे का? श्वानाने कोणाच्या अंगावर भुंकून दाखवले की पंचनाम्यापूर्वीच गावात निकाल लागतो, हे पाहिलेल्यांना या आक्षेपांचे मोल वेगळे सांगायला नको. तपासाला दिशा देण्यासाठी श्वान हवाच; दोषी ठरवण्यासाठी स्वतंत्र पुरावा हवा.

लंडनमध्ये तो मिळाला नाही. ३० जुलैला इंग्लंडने पश्चिम जर्मनीला ४-२ असे हरवून तोच करंडक जिंकला. विजयाच्या मेजवानीचे पिकल्सला आमंत्रण होते, आणि कॉर्बेटना मिळालेली बक्षिसाची रक्कम एकेका विजेत्या खेळाडूच्या बोनसहून कितीतरी मोठी होती. पकडलेल्या मध्यस्थाला खंडणीबद्दल दोन वर्षांची कैद झाली. प्रत्यक्ष चोरीबद्दल मात्र कोणावरही दोष सिद्ध झाला नाही.