लुंबिनीतला वाढदिवस
आमच्या धाराशिव जिल्ह्यात जुन्या माणसांचा वाढदिवस म्हणजे १ जून. शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली तारीख! शाळाच न पाहिलेल्या आयाबायांना तीसुद्धा नाही. आमच्या आईने मग बुद्धपौर्णिमाच आपली मानली.

एका पौर्णिमेला आम्ही तिला लुंबिनीला नेले. गोरखपूर, सुनौली, पुढे नेपाळ. आपल्याला पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र चालते. नेपाळातच, काठमांडूला, नोव्हेंबर १९५६ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. लुंबिनीच्या स्तंभावर सम्राट अशोकाने कोरले आहे, भगवान बुद्ध इथे जन्मले म्हणून गावाचा सारा कमी केला. वाढदिवस करावा तर असा!

खीर वाटणाऱ्या नेपाळी बायांनी आईला हाताला धरून पंगतीत बसवले. बोली कळेना, पण त्रिशरण सुरू होताच आईही त्यांच्यासोबत म्हणू लागली. हिंदी जाणणाऱ्या एकीला वाढदिवसाचे कळले. तिने आईच्या गळ्यात पांढरे वस्त्र घातले, वय विचारले. आई म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात थोरला चालाय लागला हुता, आता तुमीच मोजा."

आडनाव कुणी विचारले नाही. गावच्या आडावर लांब उभे राहून, वरून ओंजळीत ओतलेले पाणी प्यालेली आमची आई. तिने खीर दुसऱ्यांदा मागून घेतली.