वेष्टनावरचे चित्र कोणाचे?

गेल्या उन्हाळी सुट्टीत महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील दृक्‌श्राव्य कपाट आवरण्याचे काम आम्हां दोघांच्या वाट्यास आले. मराठी विभागातर्फे आम्ही बरीच वर्षे चित्रपट-रसास्वादाचा उपक्रम चालवीत होतो. त्या काळात जमवलेल्या व्हीसीडी आणि डीव्हीडी त्या कपाटात होत्या. जागा वाचावी म्हणून पूर्वी केव्हातरी आम्हीच त्या तबकड्या मूळ डब्यांतून काढून प्लास्टिकच्या पाकिटांत भरल्या होत्या आणि डबे, त्यांतील छापील कागदांसह, रद्दीवाल्यास देऊन टाकले होते. एकच डबा चुकून राहिला होता, तो 'मुघल-ए-आझम'चा. वेष्टनावर संगणकाने रंगवलेल्या दोन-तीन छायाचित्रांची जुळणी, मागे सोनेरी झळाळी आणि रोमन लिपीतील नाव. आमच्यापैकी एक म्हणाला, "बाकीचे गेले ते बरेच झाले. यात जपण्यासारखे काय आहे?" दुसऱ्याने विचारले, "पण मग याच्या जागी काय असायला हवे होते?" त्या दुपारी हा वाद मिटला नाही. पुढे तो बराच लांबला, आणि अखेर आम्हां दोघांचे ज्यावर एकमत झाले ते येथे मांडीत आहोत.

चित्रपट घरी पाहण्यासाठी विकला जातो तेव्हा त्याच्या वेष्टनावर प्रदर्शनाच्या वेळचे मूळ पोस्टर असावे की विक्रेत्याने नवे चित्र करून घ्यावे, एवढाच हा प्रश्न. वरवर पाहता तो संग्राहकांच्या हौसेचा वाटेल. आम्हांलाही आरंभी तसाच वाटला होता. परंतु आपल्याकडील पोस्टरांचा इतिहास थोडा जरी आठवला, तरी त्यात हौसेपेक्षा अधिक काही गुंतलेले आहे हे ध्यानात येते.

या इतिहासाचा एक मोठा धागा कोल्हापुरातून निघतो. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे वळलेल्या बाबूराव पेंटरांनी पोस्टर ही चित्रकाराने गंभीरपणे करण्याची गोष्ट आहे हे ओळखले होते. त्यांच्या 'कल्याण खजिना' (१९२४) या मूकपटाचे पोस्टर आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत सर्वांत जुने समजले जाते. पुढे मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवून पोट भरणाऱ्यांत एम. एफ. हुसेनही होते. 'मुघल-ए-आझम'च्या (१९६०) जाहिरातीची चित्रे रंगवणारे जी. कांबळे हे कोल्हापूरचेच, आणि महाराष्ट्राच्या शासकीय कार्यालयांतून शिवछत्रपतींचे जे अधिकृत चित्र लावलेले असते तेही त्यांचेच. त्या चित्राखाली उभे राहून आपण किती वेळा अर्ज दिले असतील, परंतु ते काढणाऱ्याचे नाव कितीजणांस सांगता येईल? सत्तरच्या दशकात रंगांच्या ठसठशीत फटकाऱ्यांनी 'दीवार'सारख्या (१९७५) चित्रपटांना त्यांचा रागीट चेहरा देणारे दिवाकर करकरे यांच्याबाबतही हाच प्रश्न विचारता येईल.

आता त्या एका उरलेल्या डब्याकडे वळू. 'मुघल-ए-आझम' मुळात बव्हंशी कृष्णधवल होता. शीशमहालातील प्रसिद्ध गाणे आणि शेवटचा काही भाग एवढेच रंगीत होते. मात्र त्याची जाहिरात पहिल्या दिवसापासून रंगीत होती. ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात तो झळकला तेव्हा अनारकलीच्या वस्त्राचा रंग कोणता, अकबराच्या चिलखतावर प्रकाश कसा पडतो, हे प्रेक्षकाला आधी सांगितले ते कांबळ्यांच्या कुंचल्याने. कृष्णधवल चित्रपटांच्या काळात पोस्टर ही चित्रपटाला रंग मिळण्याची जवळजवळ एकमेव जागा होती. तो रंग छायाचित्रकाराने पकडलेला नसे. एक चित्रकार विचार करून तो ठरवीत असे. १२ नोव्हेंबर २००४ रोजी या चित्रपटाची संगणकाने रंगवलेली आवृत्ती प्रदर्शित झाली, आणि त्यानंतर तबकड्यांच्या वेष्टनांवर त्याच रंगवलेल्या चौकटी दिसू लागल्या. म्हणजे आधी चित्रपटातील काळ्या-पांढऱ्या छटा झाकल्या गेल्या, आणि मग ज्या एका ठिकाणी रंग खरोखरच त्या काळाचा होता तेथूनही तो पुसला गेला. आमच्या हातातील वेष्टन आम्हांस भडक वाटत होते, परंतु त्याचा खरा दोष भडकपणाचा नव्हता. १९६० साली या चित्रपटाची कल्पना कोणत्या रंगांत केली गेली होती, हे त्यावरून कळण्याची सोय उरली नव्हती, हा तो दोष.

भाषेच्या अध्यापकांना आणखी एक गोष्ट खटकते. जुन्या हिंदी चित्रपटांच्या अनेक पोस्टरांवर नाव तीन लिप्यांत लिहिलेले असे: रोमन, देवनागरी आणि उर्दू. चित्रपट कोणासाठी आहे याचे ते उत्तर होते. व्हीसीडी-डीव्हीडीच्या वेष्टनांवर बहुतेक वेळा रोमन लिपी तेवढी राहिली. त्याचप्रमाणे चित्रकाराची सही पोस्टरच्या खालच्या कडेला असते, आणि चित्र छाटून बसवायचे झाले की कात्री प्रथम चालते ती त्याच कडेवर.

या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप आम्ही एकमेकांवरच घेऊन पाहिले. पहिला आक्षेप असा की, पोस्टर ही शेवटी जाहिरात आहे. ती गिऱ्हाईक ओढण्यासाठी केलेली असते, तिचे सोवळे कशाला पाळायचे? हे खरे आहे. कित्येक पोस्टरांवर चित्रपटात नसलेली मारामारी असते आणि असलेली व्यथा नसते. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. 'मूळ' पोस्टर म्हणजे नेमके कोणते? एका चित्रपटाची एकाहून अधिक पोस्टरे निघत, आणि चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला की नवी छापली जात. तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. तीस बाय चाळीस इंचांच्या कागदावर रस्त्याच्या पलीकडून दिसावे म्हणून रचलेले चित्र डीव्हीडीच्या जेमतेम साडेसात इंच उंचीच्या डब्यावर आणले, तर चेहऱ्यांचे ठिपके होतात आणि अक्षरे वाचता येत नाहीत.

हे तिन्ही आक्षेप आम्ही मान्य करतो, तरीही त्यांतून निघणारा निष्कर्ष मान्य करीत नाही. जाहिरात असली म्हणून ती कलाकृती असू शकत नाही असे नाही. 'बरसात'मधील (१९४९) एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातावर झुकलेली नायिका ही आकृती इतकी पक्की ठरली की पुढे तीच आर. के. फिल्म्सचे बोधचिन्ह झाली. काही ठिकाणी तर पोस्टर आणि चित्रपट यांच्यामध्ये रेघ ओढणेच कठीण जाते. अमेरिकेत सॉल बास यांनी 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'साठी (१९५५) काढलेला वेडावाकडा हात जाहिरातीत होता आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीतही होता. आपल्याकडे सत्यजित राय स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरे आणि त्यांवरील अक्षरे स्वतः रेखाटत. अशा चित्रपटाचे पोस्टर बाजूस सारून वेष्टनावर नटनटींची छायाचित्रे लावणे म्हणजे कादंबरीचे पहिले पान फाडून तेथे लेखकाचे छायाचित्र डकवण्यासारखे आहे. मूळ पोस्टरे अनेक असतील, तर त्यांपैकी कोणतेही एक निवडावे आणि ते कोणत्या सालचे आहे हे सांगावे. जुन्या ग्रंथांच्या पाठभेदांपुढे संपादक हात टेकत नाही. तो एक पाठ निवडतो आणि बाकीच्यांची नोंद करतो. चित्र लहान होते ही अडचण खरी, परंतु तिच्यावर उपाय आहे. समोर बसत नसेल तर ते आतील घडीवर पूर्ण छापता येते.

पुस्तकांशी तुलना केली तर मुद्दा अधिक स्पष्ट होईल. दीनानाथ दलालांनी १९७१ साली त्यांचे निधन होईपर्यंत शेकडो मराठी पुस्तकांची मुखपृष्ठे केली. त्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांवर आज दुसऱ्यांची चित्रे दिसली तर आपण फार तर हळहळतो, कारण जुनी प्रत कोणत्या तरी ग्रंथालयाच्या फळीवर उभी असते. चित्रपटाची 'पहिली आवृत्ती' प्रेक्षकाच्या घरी कधीच येत नसे. पोस्टर भिंतीवर चिकटवले जाई, पावसात भिजे, आणि पुढच्या शुक्रवारी त्याच्यावर दुसरे चिकटे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थांनी १९६४ पासून जे सांभाळले ते सांभाळले. सामान्य माणसाच्या हातात पोस्टर प्रथम आले असते ते वेष्टनाच्या रूपानेच. ती संधी व्हिडिओ कॅसेटच्या काळात आली, पुढे व्हीसीडी-डीव्हीडीच्या काळात अधिक स्वस्तात आली, आणि आपल्याकडे बव्हंशी वाया गेली.

नवे चित्र काढूच नये, असे मात्र आमचे म्हणणे नाही. १९८४ पासून जुने अभिजात चित्रपट घरगुती माध्यमांत आणणारी अमेरिकेतील क्रायटेरियन ही संस्था अनेकदा नव्या चित्रकारांकडून वेष्टने करून घेते. त्यांतील चांगली वेष्टने चित्रपटाचे नवे वाचन असतात. समीक्षकाला जो अधिकार आपण देतो, तो चित्रकाराला का नाकारावा? अट एवढीच की ते वाचन कोणाचे आहे हे कळावे. मराठी पुस्तकाच्या आरंभीच्या पानावर प्रकाशक आणि मुद्रक यांच्याबरोबर मुखपृष्ठकाराचे नाव छापण्याची आपली जुनी रीत आहे. चित्रपटाच्या वेष्टनाने तिच्याहून अधिक काही करावे, असे आम्ही मागत नाही.

कोणी म्हणेल, तबकड्यांचा काळच सरला, आता हा वाद कशासाठी? आमच्या मते तो आज अधिक निकडीचा झाला आहे. २०१७ साली नेटफ्लिक्सने स्वतःच सांगितले की, एकाच चित्रपटासाठी ते निरनिराळ्या प्रेक्षकांना निरनिराळी चित्रे दाखवतात. 'गुड विल हंटिंग' घ्या. प्रेमकथा पाहणाऱ्याला त्यातील नायक-नायिका दिसावेत आणि विनोदी चित्रपट पाहणाऱ्याला रॉबिन विल्यम्स दिसावा, अशी ही योजना. जुने पोस्टर भडक असो, खोटे असो, ते सगळ्या गावाला एकच दिसत असे. त्याच्याविषयी पानाच्या टपरीवर दोघांचे भांडण होऊ शके. आता शेजारी बसलेल्या दोघांना एकाच चित्रपटाचे दोन चेहरे दिसतात, आणि त्यांपैकी एकाही चित्राखाली सही नसते. छापील वेष्टनाबाबत आपण आग्रह धरला असता, तर या नव्या पडद्यावर निदान मूळ पोस्टर पाहण्याची एक सोय मागण्याची सवय तरी आपल्याला लागली असती.

तेव्हा आमचे मागणे थोडक्यात असे. मूळ पोस्टर उपलब्ध असेल तर ते वेष्टनाच्या दर्शनी भागावर असावे. तसे जमत नसेल तर आत, परंतु न छाटता आणि सहीसकट असावे. चित्रकाराचे नाव आणि साल द्यावे. नवे चित्र असेल तर त्याच्या कर्त्याचेही नाव द्यावे. चित्रपट पडद्यावर दाखवणाऱ्या संकेतस्थळांनाही हाच नियम लावावा. यात फारसा खर्च नाही. ज्यांनी ही चित्रे काढली त्यांच्याविषयी थोडी जाण असली की पुरे.

आणि ज्यांनी हे मागायचे त्यांनी आपल्या हातून काय झाले तेही सांगावे. रद्दीत गेलेल्या आमच्या डब्यांत एखाद-दोन वेष्टनांवर तरी मूळ पोस्टर असेल. तेव्हा आम्ही पाहिले नाही. तबकडी म्हणजे चित्रपट आणि बाकीचा कागद, अशी आमचीही समजूत होती. आता त्या तबकड्यांपैकी निम्म्या चालत नाहीत, आणि जो कागद आणखी पन्नास वर्षे सहज टिकला असता तो आम्ही किलोच्या भावाने विकला. 'मुघल-ए-आझम'चा तो डबा मात्र पुन्हा कपाटात ठेवला आहे. त्याच्या आतल्या बाजूस एक चिठ्ठी लिहून डकवली आहे: 'या चित्रपटाची मूळ जाहिरातचित्रे जी. कांबळे, कोल्हापूर यांची. १९६०.'