सुई टोचताना मोबाईल दाखवला तर दुखणं खरंच कमी होतं का?

गेल्या काही वर्षांत रुग्णालयांच्या जाहिरातींत एक नवीन चित्र दिसू लागलं आहे. दाताच्या खुर्चीत किंवा ड्रेसिंगच्या टेबलावर मूल बसलंय, डोळ्यांवर मोठा व्हीआर चष्मा आहे आणि चेहरा हसरा आहे. एमआरआयच्या खोलीत छतावर आकाश आणि ढग रंगवलेले असतात. अशा जाहिराती पाहून पालक मला विचारतात, "डॉक्टर, हे खरं असतं की नुसता देखावा? असा चष्मा असलेल्या ठिकाणीच जाऊ का?"

थोडक्यात उत्तर असं आहे: लक्ष दुसरीकडे वळवल्याने दुखणं कमी होतं, हे खरं आहे. त्यासाठी महागडा चष्माच हवा, हे मात्र सिद्ध झालेलं नाही. आणि "स्क्रीन दाखवली ना, मग भूल कशाला?" असा विचार कुणी करत असेल तर तिथे रुग्णाने सावध व्हायला हवं. हा तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

युक्ती जुनीच आहे. आपल्याकडे कान टोचताना बाळाला मामाच्या मांडीवर बसवतात, हातात खाऊ देतात आणि सोनार काम उरकेपर्यंत कुणीतरी खुळखुळा वाजवत राहतं. लस देताना सिस्टर "ती बघ चिऊ!" म्हणतात, तेही हेच. नवीन आहे ते इतकंच की यामागे शरीरात काय घडतं ते आता मोजता आलं आहे.

मन रमतं म्हणजे नेमकं काय होतं?

बोटाला सुई टोचली की संदेश नसांतून पाठीच्या मज्जारज्जूत जातो आणि तिथून मेंदूकडे. हा रस्ता एकतर्फी नाही. मेंदूही वरून खाली आज्ञा पाठवतो आणि मज्जारज्जूतच तो संदेश कमीजास्त करू शकतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली ही कल्पना मांडली. मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे आणि ते उघडंमिटं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या सिद्धान्ताचे काही तपशील पुढे बदलले, पण मूळ विचार टिकला.

२०१२ साली जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या संशोधकांनी निरोगी माणसांच्या हाताला चटका बसेल इतकी उष्णता दिली आणि त्याच वेळी त्यांना लक्ष एकवटावं लागेल असं आठवणीचं अवघड काम दिलं. काम अवघड असताना दुखणं कमी जाणवलं, आणि स्कॅनमध्ये मज्जारज्जूतली हालचालही कमी दिसली. अफूच्या वर्गातल्या औषधांचा परिणाम रोखणारं नॅलोक्सोन दिल्यावर हा आराम घटला. म्हणजे मन गुंतलेलं असताना शरीर स्वतःचंच वेदनाशामक वापरत होतं. "सगळं मनाचे खेळ आहेत" असं म्हणून रुग्णाला गप्प करणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

याची उलट बाजूही आहे. सुई आत जाताना टक लावून पाहिली की ती जास्त त्रासदायक वाटते, हे बर्लिनमधल्या प्रयोगात दिसलं आहे. रक्त देताना मान वळवणं हा भित्रेपणा नाही.

व्हीआर चष्म्याची गोष्ट

भाजलेल्या रुग्णाचं ड्रेसिंग बदलणं हा वैद्यकातला सर्वांत वेदनादायी अनुभवांपैकी एक. मॉर्फिनसारखी औषधं देऊनही रुग्ण कळवळतात, आणि हे एकदा नाही, रोज करावं लागतं. अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी अशा रुग्णांसाठी बर्फाचं एक आभासी जग तयार केलं. चष्मा लावला की रुग्ण बर्फाच्या दरीतून जातो आणि हिममानवांवर, पेंग्विनवर बर्फाचे गोळे फेकतो. या गटाने २०००मध्ये दोन किशोरवयीन रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. ड्रेसिंगच्या वेळी साधा व्हिडिओ गेम खेळण्यापेक्षा व्हीआरमध्ये त्यांना दुखणं कमी जाणवलं होतं.

त्या लेखाच्या शीर्षकातच हा उपाय 'जोडीचा' म्हटला आहे. म्हणजे वेदनाशामक औषधांच्या सोबत वापरायचा. जाहिरातींत नेमका हाच शब्द गळतो.

नोव्हेंबर २०२१मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, एका व्हीआर यंत्रणेला मान्यता दिली. तिचा उल्लेख हल्ली बराच होतो, पण ती मान्यता जुनाट कंबरदुखीसाठी होती. आठ आठवडे घरी करायचा तो कार्यक्रम आहे. त्यात श्वसन, शिथिलीकरण, विचारांच्या सवयी हे सगळं येतं. सुई किंवा टाक्यांच्या पाच मिनिटांशी त्याचा थेट संबंध नाही. शिवाय त्या चाचणीत साधारण पाचातल्या एकाला चष्म्याचाच त्रास झाला आणि दहातल्या एकाला मळमळलं.

मग मुलांसाठी पुरावा काय सांगतो? जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या २०१८च्या आढाव्यात सुईशी संबंधित दुखण्यावरच्या ५९ चाचण्या होत्या. लक्ष वळवण्याने मुलांचं दुखणं आणि भीती कमी होऊ शकते, असा त्याचा कल होता. व्हीआरवरचा वेगळा आढावा २०२० साली आला. त्यात १७ चाचण्या आणि सुमारे हजार मुलं होती, पण पुरावा इतका कच्चा निघाला की इतर करमणुकीपेक्षा चष्मा सरस असं ठामपणे म्हणता आलं नाही. त्यामुळे चष्मा असेल तर वापरा. नसेल तर तुमच्या खिशातला फोन आणि तुमचा आवाज हे कमी दर्जाचे उपाय समजू नका.

जिथे हे पुरेसं नसतं

आता तो तिसरा मुद्दा. तांबी बसवणं, गर्भपिशवीच्या तोंडाचा तुकडा तपासायला घेणं, नळ्यांची एचएसजी तपासणी, हे सगळं आपल्याकडे अनेकदा बायकांनी जागेपणी, कोणतीही भूल न घेता सोसायचं असतं. "एवढं काय, बाळंतपण झालंय ना?" हे वाक्य मी रुग्णांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडून दिलं. ज्यांची नॉर्मल प्रसूती झालेली नाही त्यांना तांबी बसवताना साधारणपणे जास्त दुखतं, हेही बऱ्याच जणींना आधी कुणी सांगत नाही.

अमेरिकेच्या सीडीसीने ऑगस्ट २०२४मध्ये सूचना सुधारल्या. तांबी बसवण्याआधी प्रत्येक स्त्रीशी दुखण्याबद्दल बोलावं, आणि लिग्नोकेनचं इंजेक्शन, जेल किंवा स्प्रे उपयोगी पडू शकतो, असं त्यात आहे. मे २०२५मध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही दवाखान्यात होणाऱ्या अशा प्रक्रियांसाठी वेदना कमी करण्याचे पर्याय रुग्णासमोर ठेवावेत असं सांगितलं. समाजमाध्यमांवर बायकांनी आपले अनुभव उघड बोलून दाखवल्यानंतर हे बदल आले आहेत. छतावर सुंदर चित्र लावणं स्वस्त आणि सोपं आहे. लिग्नोकेन देऊन परिणाम होईपर्यंत थांबायला वेळ लागतो. रुग्णाने दोन्ही मागावं. मागण्यात संकोच नको, कारण जिला पहिल्या वेळी असह्य दुखलं ती पुढची तपासणी टाळते, आणि गर्भपिशवीच्या मुखाच्या कर्करोगासारखा आजार टाळलेल्या तपासण्यांतच वाढतो.

मुलांच्या बाबतीतही तेच. टाके घालायचे असतील तर जागा सुन्न केलीच पाहिजे. कार्टून लावून चौघांनी मुलाला दाबून धरणं याला मी लक्ष वळवणं म्हणत नाही.

तुम्ही काय करू शकता

लसीच्या वेळी तान्ह्या बाळाला शक्य असेल तर अंगावर पाजत राहा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ साली याची शिफारस केली आहे. थोड्या मोठ्या मुलाला झोपवून धरण्यापेक्षा मांडीवर बसतं धरा. व्हिडिओ सुई टोचण्याच्या क्षणी नाही, दोन-तीन मिनिटं आधी सुरू करा, आणि कोणता तो मुलाला निवडू द्या. नुसतं बघण्यापेक्षा काहीतरी करायला लागलं तर उत्तम: "किती माकडं आहेत मोज बरं." "दुखणार नाही हं" असं खोटं सांगू नका. एकदा फसलेलं मूल पुढच्या वेळी दारातच रडतं. सारखं "घाबरू नको, घाबरू नको" म्हटल्यानेही त्याचं लक्ष पुन्हा सुईकडेच जातं.

आजी-आजोबांसाठी एक साधी गोष्ट: तपासणीआधी चष्मा काढून ठेवला की समोरचा टीव्ही त्यांना नुसता धुरकट दिसतो. मोतीबिंदू असेल किंवा पडद्याने गरगरत असेल तर आवडती गाणी किंवा तुमच्याशी गप्पा जास्त उपयोगी. एमआरआयला जाताना मोबाईल आत न्यायचा नाही, तिथलं चुंबक प्रचंड शक्तीचं असतं. आत सरकण्याआधीच डोळे मिटा, किंवा डोळ्यांवर कापड मागा. काही ठिकाणी पायांच्या दिशेला बघता येईल असा आरशाचा चष्मा मिळतो.

काही लोकांना मात्र काय चाललंय ते बघायचंच असतं, त्यात त्यांना धीर वाटतो. त्यांना बळेच दुसरीकडे बघायला लावू नये. रक्त पाहून चक्कर येत असेल तर आधीच सांगा आणि आडवे पडूनच सुई घ्या. फिट्स येणाऱ्यांनी व्हीआर चष्मा डॉक्टरांना विचारूनच वापरावा. आणि व्हिडिओत कितीही रमलात तरी सलाईनच्या जागी आग होत असेल, सूज येत असेल तर लगेच बोला; बोलता येत नसेल तर हात वर करण्याची खूण आधी ठरवून घ्या.

अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारा: किती दुखेल, त्यासाठी काय देणार, सोबत कुणी थांबू शकतं का. त्वचा सुन्न करणारं क्रीम सुईआधी साधारण तासभर लावून ठेवावं लागतं, त्यामुळे टेबलावर झोपल्यावर विचारलं तर त्याचा उपयोग करायला वेळ उरत नाही.