उरुग्वेचे चार तारे

अर्थशास्त्राच्या वर्गात ‘दरडोई’ हा शब्द इतक्या वेळा उच्चारावा लागतो की, पुढे पुढे शिकविणाऱ्यालाच दिसेल ती गोष्ट लोकसंख्येने भागून पाहण्याची खोड जडते. दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या देशाला हा भागाकार लावला, तर मात्र उत्तर हास्यास्पद येते. २०२३ च्या शिरगणतीनुसार या देशाची लोकसंख्या सुमारे ३५ लाख, म्हणजे २०११ सालच्या पुणे शहराहून थोडीशी अधिक. गुरांची संख्या मात्र माणसांच्या तिपटीहून जास्त. फुटबॉलचे नियम जगाला घालून देणाऱ्या इंग्लंडने १९६६ साली विश्वचषक प्रथमच जिंकला, तेव्हा या चिमुकल्या देशाचा तो दोनदा जिंकून झाला होता. भारत व चीन या दोन देशांत मिळून जगाची एक तृतीयांशाहून अधिक प्रजा राहते. पैकी चीनच्या पुरुष संघाने अंतिम फेरीची स्पर्धा २००२ साली एकदाच पाहिली आणि आपण एकदाही नाही.

उरुग्वेच्या खेळाडूंच्या आकाशी सदऱ्यावर तारे मात्र चार असतात. विश्वचषक दोन आणि तारे चार, हा हिशेब कोणताही लेखापरीक्षक नामंजूर करील. पण उरुग्वेचे म्हणणे असे की, विश्वचषक सुरूच झाला नव्हता त्या काळात, १९२४ व १९२८ साली, आम्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळविली. तेव्हा तेच जगज्जेतेपद होते. हा दावा अगदीच पोकळ नाही. १९२४ साली पॅरिसला गेलेल्या संघाने वाटेत स्पेनमध्ये नऊ सामने खेळले व नऊही जिंकले. पॅरिसमधील पहिल्याच सामन्यात युगोस्लाव्हियावर सात गोल चढविले. या संघाचा कर्णधार नासाझी संगमरवर कापणारा होता, सेआ बर्फ विकत असे आणि जगाने ज्याला डोक्यावर घेतले त्या आंद्रादेने बूटपॉलिश केले होते. आजचा शब्द वापरायचा तर ही सारी हौशी मंडळी.

ही मंडळी खेळायला वेळ कोठून काढीत? या प्रश्नाकडे क्रीडालेखकांचे सहसा लक्ष जात नाही. उरुग्वेत १८७७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. बाट्ये ओर्दोन्येझ या अध्यक्षाची कारकीर्द नुकतीच संपली असता, १९१५ साली, कामाचा दिवस आठ तासांचा करणारा कायदा संमत झाला. मांस व लोकर यांच्या निर्यातीतून पैसा येत होता आणि त्यातला काही वाटा सामान्य माणसाच्या संध्याकाळीपर्यंत पोहोचत होता. चेंडूला लाथ मारण्यापूर्वी माणसाला अंगात त्राण व हाती वेळ असावा लागतो, हे एवढे साधे आहे. नुसत्या कायद्याने विश्वचषक मिळत नाही, हेही खरेच.

१९३० साली पहिला विश्वचषक उरुग्वेने भरविला, तो राज्यघटनेच्या शताब्दीचे निमित्त साधून. येणाऱ्या संघांचा प्रवास व मुक्काम या दोहोंचा खर्च यजमानांनी उचलला. तरीही युरोपातून चारच संघ आले. याचा राग उरुग्वेने १९३४ साली इटलीला न जाऊन काढला. जेता असूनही विजेतेपद राखण्यास न गेलेला तो आजवरचा एकमेव देश. १९३० च्या अंतिम सामन्यात कोणाचा चेंडू वापरावा यावरून अर्जेंटिनाशी वाद झाला, तेव्हा पूर्वार्ध एकाच्या व उत्तरार्ध दुसऱ्याच्या चेंडूने खेळण्याचे ठरले. अर्जेंटिनाच्या चेंडूने उरुग्वे १–२ असे मागे होते. स्वतःच्या चेंडूने ते ४–२ असे जिंकले. अखेरचा गोल करणाऱ्या कास्त्रोचा उजवा हात पोरवयातच विजेच्या करवतीखाली तुटला होता. दुसऱ्या दिवशी देशभर सुटी.

१९५० च्या स्पर्धेत आपल्यालाही प्रवेश मिळाला होता, पण आपण गेलो नाही. खेळाडू अनवाणी खेळत म्हणून परवानगी नाकारली, ही कथा आपल्याकडे लोकप्रिय आहे. खर्च, लांबचा प्रवास आणि ऑलिंपिकला दिलेले झुकते माप ही कारणे तितकी रंजक नाहीत. उरुग्वे गेला. रिओच्या माराकाना मैदानावर पावणेदोन लाखांच्या आसपास प्रेक्षक होते आणि ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. ब्राझीलचा गोल होताच उरुग्वेचा कर्णधार ओबदुलिओ व्हारेला चेंडू काखेत मारून इंग्रज पंचांशी वाद घालीत उभा राहिला. गोल रद्द होणार नाही हे तोही जाणून होता. त्याला गर्जना थंडावू द्यायची होती. सामना उरुग्वेने २–१ असा जिंकला. त्या रात्री व्हारेला रिओच्या गुत्त्यांतून रडणाऱ्या ब्राझीलवासीयांच्या शेजारी बसून पीत राहिला. हाच व्हारेला १९४८ साली सुरू झालेल्या खेळाडूंच्या संपाचा पुढारी होता. त्या संपामुळे त्या वर्षीची राष्ट्रीय साखळी स्पर्धा अपुरीच राहिली.

पुढे मांसाचे भाव पडले, सुबत्ता ओसरली आणि मुलगेच निर्यातीची वस्तू झाले. सुआरेझ व कावानी हे दोघेही साल्तो या एकाच गावात, १९८७ साली, तीन आठवड्यांच्या अंतराने जन्मले. विशीच्या उंबरठ्यावर दोघेही युरोपात गेले. कच्चा माल बाहेर पाठवावा आणि त्यावरचा नफा दुसऱ्यांनी मिळवावा, हे चित्र आपल्याला नवीन नाही. या बाजारात एका माणसाने मात्र निराळी भाषा वापरली. ऑस्कर ताबारेझ हा मूळचा प्राथमिक शिक्षक. त्याला सारे ‘एल माएस्त्रो’, म्हणजे ‘मास्तर’च, म्हणत. २००६ ते २०२१ या काळात त्याने कुमार संघापासून घडी बसविली आणि पोरांच्या शिक्षणाचा व वागणुकीचा आग्रह धरला. २०१० साली त्याचा संघ विश्वचषकात चौथा आला. २०१८ साली आजाराने पाय साथ देईनात, तरी मास्तर काठी टेकीत मैदानाच्या कडेला उभे होते.

आता २०३० साली विश्वचषकाची शताब्दी आहे. मुख्य यजमान स्पेन, पोर्तुगाल व मोरोक्को. शंभर वर्षांपूर्वी सर्वांच्या बोटीचे भाडे भरणाऱ्या माँटेव्हिडिओच्या वाट्याला एक सामना आला आहे.